किंग स्ट्रीटवरचे कारभारी

ब्रिस्टलमधलं थिएटर रॉयल बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथे कोण कोण येऊन गेलं? इंग्रज म्हातारी जोडपी विचारतात, सहलीला आलेली शाळेची पोरं विचारतात, आणि आपले मराठी पाहुणे तर छताकडे मान वर करायच्या आधीच विचारतात. मुलाकडे चार महिने राहायला आलेले पुण्याचे एक काका सारा सिडन्स या जुन्या काळच्या नटीपाशी फारसे रमले नाहीत. "अगं, ओळखीचं एखादं नाव सांग की!" मी पीटर ओटूलचं नाव घेतलं. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'तला तो निळ्या डोळ्यांचा नट 1955 ते 1958 या काळात इथल्या कंपनीत होता आणि 1958 मध्ये इथेच हॅम्लेट झाला होता, असं सांगितल्यावर काका एकदम खूश झाले. तिथून पुढे त्यांनी प्रत्येक खांबाकडे आदराने बघायला सुरुवात केली.

मी या थिएटरात लागले ती संध्याकाळच्या पाळीला, प्रेक्षागृहाच्या दारावर. तिकिटं बघायची, खुर्च्या दाखवायच्या, मध्यंतरात आइस्क्रीमचा ट्रे गळ्यात अडकवून उभं राहायचं. वास्तू दाखवायचं काम नंतर आलं. मी मूळची सांगलीची. आमच्या गावात लहान मुलालाही विष्णुदास भावे आणि 1843 हे साल पाठ असतं. त्यामुळे नाटकाचं गाव म्हणजे काय हे मला नव्याने कळायचं नव्हतं. नवं कळलं ते एवढंच, की नावं ज्यांची टिकतात ते पाहुणे असतात. घर चालवतात ते दुसरेच.

या घराची सुरुवातच एका पळवाटेतून झाली. 1737 च्या कायद्याने इंग्लंडात राजाच्या परवान्याशिवाय पैसे घेऊन नाटक करणं हा गुन्हा होता, आणि परवाने जवळपास सगळे लंडनकडे. तरी ब्रिस्टलच्या पन्नासेक व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून किंग स्ट्रीटवर थिएटर बांधलं. तेही रस्त्यावर तोंड काढून नव्हे, तर घरांच्या रांगेच्या मागे, बोळातून आत शिरावं असं. 30 मे 1766 ला पहिला खेळ झाला तो 'संगीताची मैफल आणि वक्तृत्वाचा नमुना' अशा नावाखाली. तिकिटाचे पैसे मैफलीचे. मधल्या वेळात रिचर्ड स्टीलचं एक पाच अंकी नाटक आणि वर एक प्रहसन झालं, ते फुकट! त्या रात्रीसाठी लंडनचा बडा नट डेव्हिड गॅरिकने पद्य लिहून दिलं होतं. अधिकृत शाही परवाना मिळायला 1778 उजाडलं. तोवर बारा वर्षं सगळं गाव 'मैफली'ला जात होतं आणि कायदा पाहूनही न पाहिल्यासारखं करत होता.

वर्गणीदारांना चांदीचे बिल्ले दिले होते. बिल्ला दाखवा, आत या; कोणताही खेळ, कोणतीही रात्र. यातली गंमत पर्यटकांना आवडते: बिल्ल्यावर खेळ 'पाहण्याचा' हक्क कोरलाय, बसायच्या जागेचं नाव नाही. व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांशी केलेला करार आहे तो, शब्द मोजून दिलेत.

त्या पैशाचं मूळ सांगणंही कामाचाच भाग आहे. अठराव्या शतकातलं ब्रिस्टल गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं. साखर, तंबाखू, पितळेची भांडी, जहाजांचे हिस्से, सगळ्या धंद्यांचे धागे तिकडे जात. थिएटरला पैसे देणाऱ्या मंडळींचे हात त्यापासून वेगळे नव्हते. 2020 च्या जूनमध्ये शहराने गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोलस्टन याचा पुतळा उपटून बंदराच्या पाण्यात टाकला, तिथून किंग स्ट्रीट चालत काही मिनिटांवर. 2022 मध्ये याच रंगमंचावर जाइल्स तरेराचं 'द मीनिंग ऑफ झाँग' झालं. विम्याच्या पैशांसाठी जहाजावरून समुद्रात ढकललेल्या गुलामांवरचं नाटक. काही पाहुणे हा भाग आला की घड्याळ बघतात. मी तो गाळत नाही.

लंडनचे नट इथे यायचे ते उन्हाळ्यात. तिथली दोन मोठी थिएटरं उन्हाळ्यात बंद, आणि इकडे हॉटवेल्सच्या गरम झऱ्यांवर तब्येत सुधारायला श्रीमंतांची गर्दी. नटांना काम हवं, आजाऱ्यांना करमणूक हवी. पहिल्या मोसमांचा बिनीचा नट विल्यम पॉवेल होता आणि कारभारातही त्याची भागी होती. 1769 च्या जुलैमध्ये तो ब्रिस्टलमध्येच वारला. इथल्या कॅथीड्रलमध्ये त्याचं थडगं आहे. नकाशा काढून दिला तरी तिथे फारसं कुणी जात नाही.

सारा सिडन्सबद्दल मात्र सगळ्यांना ऐकायचं असतं. इंग्रजी रंगभूमीची सर्वांत मोठी शोकनटी म्हणून तिचं नाव. पण ती इकडे आली ती लंडनने नाकारल्यावर. 1775-76 मध्ये गॅरिकच्या लंडनमधल्या ड्रुरी लेन थिएटरात तिचं काही जमलं नाही आणि पुढल्या मोसमाला नको असल्याचं पत्र आलं. मग यॉर्क, मँचेस्टर अशी फिरत ती 1778 मध्ये बाथच्या कंपनीत आठवड्याला तीन पौंडांवर लागली. थोड्याच दिवसांत बाथ आणि ब्रिस्टल ही दोन्ही थिएटरं एकाच मालकाकडे आली आणि एकच कंपनी दोन्ही गावांत खेळ करू लागली. तिने स्वतःच लिहून ठेवलंय: बाथमध्ये तालीम, सोमवारी रात्री ब्रिस्टलला प्रयोग, मग बारा मैलांचा घोडागाडीचा प्रवास करून घरी, आणि मंगळवारी बाथमध्ये पुन्हा दमछाक करणारी भूमिका. घरी लहान मुलं. 1782 मध्ये ती निघाली तेव्हा निरोपाच्या रात्री आपली तीन मुलं तिने रंगमंचावर उभी केली आणि ही माझी जायची कारणं म्हणून सांगितलं. त्याच ऑक्टोबरमध्ये ड्रुरी लेनने तिला डोक्यावर घेतलं.

इथपर्यंतची गोष्ट पाहुण्यांना सिनेमासारखी वाटते. मला त्यातला तो मालक जास्त आवडतो. जॉन पामर त्याचं नाव. नट, कपडेपट, तलवारी, मुकुट असं सगळं सामान रोज दोन गावांत वेळेवर पोचवायचं म्हणजे गाड्यांचं आणि घोडे बदलण्याचं वेळापत्रक काटेकोर लागतं. ते त्याने बसवलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपले नट ज्या वेगाने जातात त्या वेगाने सरकारी टपालही जात नाही. त्याने सरकारच्या मागे लागून प्रयोग करून दाखवला: 2 ऑगस्ट 1784 ला दुपारी चार वाजता पहिली टपालगाडी ब्रिस्टलहून निघाली आणि बाथमार्गे सोळा तासांत लंडनला पोचली. इंग्लंडची सगळी टपालव्यवस्था पुढे याच पद्धतीवर उभी राहिली. नाटक कंपनीचा मुक्काम हलवण्याच्या कटकटीतून देशाचं पोस्ट सुधारलं, हे मी सांगते तेव्हा दहातले आठ जण ते सिडन्सच्या मुलांपेक्षा कमी लक्ष देऊन ऐकतात. त्याला माझा इलाज नाही.

भुताचं मात्र सगळे लक्ष देऊन ऐकतात. जुन्या थिएटरला भूत हवंच, तसं इथलंही आहे, आणि त्याचं नाव सारा आहे असं मानतात. बहुतेकांना वाटतं ती सिडन्स. मला विचाराल तर ती दुसरी सारा, सारा मॅक्रेडी. तिचा नवरा विल्यम 1819 पासून हे थिएटर चालवत होता. त्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा म्हणजे लंडन गाजवणारा नट विल्यम चार्ल्स मॅक्रेडी. नवरा 1829 मध्ये गेला. 1834 पासून 1853 मध्ये मरेपर्यंत जवळपास वीस वर्षं या बाईंनी एकटीने कारभार ओढला. तो काळ प्रांतातल्या थिएटरांना फार वाईट होता. सभ्य घरांतली माणसं नाटकाला येईनाशी झाली होती, आणि नावाजलेला नट बोलवावा तर तो उत्पन्नातला मोठा वाटा उचलून नेई. बाईंनी सावत्र मुलाला बोलावलं, हत्ती-घोडे नाचवले, पँटोमाइम केले आणि दार उघडं ठेवलं. रात्री-अपरात्री रिकाम्या प्रेक्षागृहात कुणी फिरत असेलच, तर तिकिटांचा हिशेब तपासणारी तीच असणार. सिडन्सला परत यायचं काय कारण?

त्यांच्या मागून जावई जेम्स हेन्री च्यूट आला. त्याच्या कंपनीत 1860 नंतर केट आणि एलन टेरी या बहिणी होत्या, एलन तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची. एडवर्ड गॉडविन नावाचा तरुण वास्तुविशारद ब्रिस्टलच्या वर्तमानपत्रात नाटकांवर लिहायचा. त्याची आणि एलनची ओळख इथली. त्यांचा मुलगा एडवर्ड गॉर्डन क्रेग, ज्याचं नाव आजही नेपथ्य शिकणाऱ्या प्रत्येकाला वाचावं लागतं.

पण च्यूटने घेतलेला खरा मोठा निर्णय वेगळाच. रेल्वे आली होती. लंडनचं गाजलेलं नाटक आता अख्खंच्या अख्खं, पडद्यांसकट, दौऱ्यावर निघू लागलं. गावोगावी बारा महिने राहणाऱ्या कंपन्या मोडू लागल्या. असल्या दौऱ्यांना मोठा रंगमंच लागतो, भरपूर जागा लागतात. किंग स्ट्रीटच्या बोळात ते शक्य नव्हतं. म्हणून 1867 मध्ये च्यूटने वरच्या वस्तीत, पार्क रोवर नवं दणदणीत थिएटर बांधलं. पुढे त्याचं नाव प्रिन्सेस झालं. बडे पाहुणे तिकडे वळले. जुन्या थिएटरच्या वाट्याला स्वस्त मेलोड्रामा, पँटोमाइम, फिरते गाण्याबजावण्याचे खेळ आणि गोदीकामगारांचा प्रेक्षकवर्ग आला.

माझं मत असं, की त्यामुळेच जुनं थिएटर वाचलं. ज्या थिएटरांकडे पैसा होता त्यांनी शतक संपायच्या आत जुनी बैठक पाडून मखमली खुर्च्या आणि लोखंडी सज्जे घातले. इथे पाडायलाही पैसे नव्हते. म्हणून घोड्याच्या नालासारखे वळलेले सज्जे, बारीक लाकडी खांब आणि 1766 चा मूळ आकार तसाच राहिला. 24 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बमध्ये प्रिन्सेस थिएटर जळून गेलं. बोळातलं म्हातारं तेवढं शिल्लक राहिलं. दोन वर्षांनी तेही विक्रीला निघालं आणि तिथे गोदाम होणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा गावाने पैसे उभे केले. ऐन युद्धात सरकारने कलेच्या प्रोत्साहनासाठी नेमलेल्या मंडळाने ते चालवायला घेतलं. इंग्लंडमध्ये सरकारी पैशावर चाललेलं हे पहिलं थिएटर. 11 मे 1943 ला गोल्डस्मिथच्या विनोदी नाटकाने पडदा उघडला तेव्हा सिबिल थॉर्नडाइक रंगमंचावर होती. 1946 मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिकने इथे आपली शाखा काढली आणि लोकांच्या तोंडी ब्रिस्टल ओल्ड व्हिक हे नाव बसलं. 'इंग्रजी बोलणाऱ्या जगातलं सर्वांत जास्त काळ चालत आलेलं थिएटर' असं आम्ही अभिमानाने सांगतो. मधली बंद पडलेली वर्षं पाहुण्यांनी मोजू नयेत.

कंपनीनंतर नाट्यशाळाही निघाली. पॅट्रिक स्ट्युअर्ट, जेरेमी आयर्न्स, डॅनिएल डे-लुईस, ऑलिव्हिया कोलमन ही सगळी तिथली विद्यार्थी मंडळी. 1954 च्या उन्हाळ्यात कंपनीने मोसम संपता संपता 'सॅलड डेज' नावाचं हलकंफुलकं संगीत नाटक काही आठवड्यांपुरतं म्हणून केलं. ते लंडनला गेलं आणि त्याचे 2,283 प्रयोग झाले. त्या कमाईतला वाटा नाट्यशाळेच्या इमारतीला लागला. त्याच काळात पुढे नाटककार झालेला टॉम स्टॉपार्ड ब्रिस्टलच्या वर्तमानपत्रात बातमीदारी करत होता. झेकोस्लोव्हाकियात जन्मलेला, दार्जिलिंगच्या शाळेत शिकलेला हा मुलगा इथे नाटकं बघून नाटकाच्या नादाला लागला. ओटूलचा तो हॅम्लेट त्यानेही पाहिला होता.

माझ्या स्वतःच्या वाट्याला आलेले पाहुणे याहून साधे. दौऱ्यावरच्या नटांना आठवड्याच्या बोलीने राहायला खोली लागते. स्टेज डोअरवर अशा घरांची यादी असते. मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर आमची मागची खोली मी त्या यादीत घातली. व्हिक्टोरियन काळापासूनची ही पद्धत आहे. त्या काळच्या घरमालकिणी पाहुण्यांकडून वहीत चार चांगले शब्द लिहून घेत. जेवण भिकार असेल तर नट एडगर अ‍ॅलन पोच्या कवितेतल्या डोमकावळ्याचा हवाला देऊन सही करत. तो पक्षी 'पुन्हा कधीच नाही' एवढंच बोलतो हे पुढच्या नटाला ठाऊक असे, आणि मालकीणबाई कौतुकाने वही दाखवत बसे.

आमच्याकडे आलेल्यांत साठीची एक नटी होती. मोठं नाटक, छोटी भूमिका: दुसऱ्या अंकात एक प्रवेश आणि शेवटी गर्दीत उभं राहणं. सकाळी अकराला ती स्वयंपाकघरात यायची, कपाला दोन्ही हात लावून बसायची आणि आपली अकरा-बारा वाक्यं ओठातल्या ओठात म्हणायची. पोहे पहिल्या दिवशी तिने भीतभीत खाल्ले, दुसऱ्या दिवशी मोहरी तडतडल्याचा आवाज ऐकून खाली आली. एवढ्या वाक्यांसाठी रोज कशाला, मी विचारलं. म्हणाली, कालच्या गावात मागची भिंत दूर होती, इथे जवळ आहे; तोंडाला नवं माप कळायला हवं. रात्री सात पंचविसाला ती विंगेत तयार असे, आणि मी समोरच्या दारावर. शनिवारी रात्री प्रयोग संपला की सामान ट्रकमध्ये चढेपर्यंत एक वाजे. रविवारी गाडी, सोमवारी दुसरं गाव. सिडन्सच्या सोमवारची गोष्ट सांगताना मला आता हीच बाई दिसते.

समोरच्या बाजूचीही शिस्त असते. खेळाच्या आधी पस्तीस मिनिटं आतल्या भोंग्यावर 'हाफ'ची हाक होते. पाच मिनिटं आधी पहिल्या प्रवेशाचे नट जागेवर हवेत, आणि तिथून मागे अर्धा तास मोजतात, म्हणून पस्तीस. हाफ झाला की नट इमारतीबाहेर जाऊ शकत नाही. प्रेक्षक स्थिरावले, मार्ग मोकळे आहेत, असं हाउस मॅनेजरने कळवल्याशिवाय स्टेज मॅनेजर दिवे उतरवत नाही. या मार्गांबद्दल इथे थट्टा चालत नाही. शेजारच्या एक्सेटरमध्ये 1887 च्या सप्टेंबरात थिएटर रॉयलला आग लागली तेव्हा गॅलरीतून उतरायच्या अरुंद जिन्यात माणसं अडकून सुमारे 186 जण गेले. त्यानंतर सगळ्या देशातल्या थिएटरांचे नियम कडक झाले. कामावर घेतलं तेव्हा मला नाटकाचं काही शिकवायच्या आधी जिने शिकवले.

आणि गडगडाट. प्रेक्षागृहाच्या छतावर, माळ्यावर, लाकडी पन्हळ आहे, उतरती, मध्ये मध्ये पायऱ्या काढलेली. तीतून लोखंडी गोळे सोडायचे, की खाली वादळ होतं. कित्येक वर्षं ती नुसती दाखवायची वस्तू होती. 2016 मध्ये, अडीचशेव्या वर्षी, टिमोथी वेस्टच्या 'किंग लिअर'साठी ती पुन्हा चालवली. स्पीकरमधून येणारा गडगडाट समोरून येतो. हा डोक्यावरून पलीकडे जातो. वरच्या गॅलरीत बसलेल्याला तो आधी बाकाच्या फळीतून मांड्यांना कळतो, मग कानांना. वरून धूळ पडते. एका आजोबांनी टोपी झटकली आणि पुन्हा डोक्यावर घातली.

हे सगळं मला कुठून कळलं? थोडं इथल्या जुन्या माणसांकडून, पण बरंचसं कागदांवरून. ब्रिस्टल विद्यापीठात 1947 मध्ये देशातला पहिला नाट्यविभाग निघाला आणि 1951 पासून त्यांनी थिएटरचे कागद जमवायला घेतले. कॅथलीन बार्करबाईंनी वर्षानुवर्षं असे कागद चाळून या थिएटरचा दोनशे वर्षांचा इतिहास लिहिला, आणि त्यात पामर, मॅक्रेडी, च्यूट यांना नटांइतकीच जागा दिली. सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाऊन जाहिरातींचे लांबट कागद बघत बसायचे. एका रात्रीत मुख्य नाटक, मग गाणं, मग नाच, मग प्रहसन. कुणाचा 'बेनिफिट' असेल तर त्याच नटाच्या बिऱ्हाडाचा पत्ता, तिकिटं तिथे मिळतील म्हणून. त्या रात्रीचं उत्पन्न खर्च वजा जाता त्या नटाचं. बिचारा स्वतः दारोदार तिकिटं खपवत हिंडे.

माझे आजोबा एका संगीत नाटक कंपनीत हिशेबनीस होते. कुठल्या गावाला किती बैलगाड्या लागल्या, पेट्रोमॅक्सचं रॉकेल, गायकनटाची उचल, ऑर्गनची दुरुस्ती, खानावळीत किती पानं उठली, सगळं त्यांच्या लाल बासनातल्या वह्यांत होतं, असं आई सांगते. वाड्याची वाटणी झाली तेव्हा बालगंधर्वांचा फोटो दोन चुलत्यांनी हट्टाने मागितला. वह्या कुणालाच नको होत्या. त्या रद्दीत गेल्या. गणपतराव जोशींचा हॅम्लेट कसा होता यावर आपल्याकडे पानंच्या पानं लिहिलेली आहेत. तो हॅम्लेट गावोगाव नेणाऱ्या कारभाऱ्याने रेल्वेचं भाडं कसं जमवलं, हे शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं.

म्हणून सांगली, मिरज, कोल्हापूर, हुबळी, अमरावती, पणजी, जिथे जिथे कंपन्यांचे मुक्काम पडत त्या गावांतल्या वाचकांना एक विनंती. माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात नाटक कंपनीची जमाखर्चाची वही, हँडबिलं, तिकिटांची पुस्तकं, खानावळीच्या पावत्या असतील तर त्या टाकू नका. वाळवी लागली असेल तरी चालेल. जवळच्या विद्यापीठात, ग्रंथसंग्रहालयात विचारा, कुणी घेत नसेल तर निदान प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. नटांचे फोटो सांभाळणारे पुष्कळ आहेत, त्यांची काळजी करू नका.